तीन आठवड्यांचं फिलिंग आणि चावताना जाणारी कळ: खालच्या एका दाढेचं प्रकरण

फिलिंग करून तीन आठवडे झाले होते आणि पेशंट परत खुर्चीत. म्हणाले, डॉक्टर, थंड-गरम काही लागत नाही, रात्री ठणकत नाही, पण त्या बाजूने काही कडक चावलं की एकदम कळ जाते, आणि जेवण झालं की दरवेळी तिथे काहीतरी अडकलेलं असतं, काडी घालून काढल्याशिवाय चैन पडत नाही. फिलिंग मीच केलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या कामावर बोट ठेवायची सोय नव्हती. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण दातासारख्या रंगाचं फिलिंग बिघडलं की आपण आधी मटेरियलला नाहीतर बॉण्डच्या (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीला दोष देतो, आणि माझ्या अनुभवात दहातल्या बहुतेक वेळा गडबड असते ती बॉक्सच्या, म्हणजे दोन दातांच्या मधल्या बाजूला कोरलेल्या खोल पोकळीच्या तळाशी, जिथे आपली नजर, हवा आणि फिलिंग कडक करणारा निळा लाइट तिन्ही नीट पोचत नाहीत.

दाढ उजवीकडची खालची पहिली, दातांच्या क्रमांकात 46. पेशंटचं वय 34, तब्येतीची काही तक्रार नाही. कीड पुढच्या बाजूला होती, जिथे दाढ तिच्या पुढच्या दाताला, 45 ला टेकते तिथे. वरून नुसती करडी सावली दिसायची, पण बाइटविंगमध्ये, म्हणजे वरचे-खालचे दात मिटून काढलेल्या एक्स-रेत, कीड बाहेरच्या कडक एनॅमलखालच्या थराच्या, डेंटिनच्या साधारण मध्यापर्यंत गेलेली होती, नसेपासून अंतर व्यवस्थित. एकदम रोजची केस, आणि रोजची केस म्हटलं की हात आपोआप चालतो, तिथेच गोची होते.

पहिल्या बैठकीत काय केलं ते जसं नोंदीत आहे तसं सांगते. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबराची शीट, लावला नव्हता. पेशंटला घाई होती, मलाही मागे दोन पेशंट बसलेले दिसत होते, म्हणून कापसाचे रोल आणि सक्शनवर भागवलं. दाढेभोवती गोल फिरणारा टॉफलमायरचा धातूचा बँड, तो दाताला दाबून धरणारा एक लाकडी वेज (पाचर), 37 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडने एच, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत करून, धुवून वाळवलं, बॉण्ड, लाइट, मग कंपोझिट, म्हणजे दातासारख्या रंगाचं मटेरियल, तीन थरांत आणि प्रत्येक थराला 20 सेकंद लाइट. शेवटी चावा बघितला, पॉलिश केलं. खाचा इतक्या सुंदर उतरल्या होत्या की मी फोटोही काढला. आज तो फोटो बघितला की एवढंच दिसतं की त्यात वरचे दोन मिलिमीटर आहेत, खालचे चार नाहीत.

आठवड्याने फोन आला की चावताना दुखतंय. बोलावलं, निळा कागद चावायला दिला, एका ठिकाणी ठिपका जरा गडद आला, तो घासून कमी केला आणि पाठवून दिलं. चावताना दुखतंय म्हणजे हाय पॉइंट, फिलिंग कुठेतरी उंच राहिलंय, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यापुढे मी तपासलंच नाही, ना फ्लॉस घालून बघितला ना एक्स-रे काढला. ही दुसरी चूक, आणि खरं सांगायचं तर मला पहिलीपेक्षा हीच जास्त लागली, कारण त्या दिवशी नीट बघितलं असतं तर त्यांचे दोन आठवडे वाचले असते.

आता तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळं पहिल्यापासून तपासलं. थंड लावलं तर दोन-तीन सेकंद लागलं आणि गेलं, डावीकडच्या तशाच दाढेला लागतं तेवढंच. म्हणजे नस जिवंत आहे आणि चिडलेली नाही. ठोकून बघितलं, काही नाही. मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काही नाही. चिरेची शंका असते म्हणून एकेका कस्पवर (दाढेच्या वरच्या उंचवट्यावर) वेगळा दाब देऊन बघितला. चीर असेल तर बऱ्याचदा दाब सोडताना कळ येते, आणि ती कुठल्यातरी एका कस्पवर सापडते, इथे कुठल्याच कस्पवर काही नाही, पण तेच दाबायचं टोक पुढच्या कडेवर, म्हणजे थेट कंपोझिटवर ठेवून चावायला सांगितलं तर पेशंटने खुर्चीचा हात पकडला. दाबतानाच दुखलं, सोडताना नाही. मग फ्लॉस घातला. 45 आणि 46 च्या मध्ये फ्लॉस सरळ खाली पडला, काहीच अडलं नाही, मधली हिरडी सुजलेली होती आणि लगेच रक्त आलं. बाइटविंगमध्ये बॉक्सच्या तळाशी फिलिंग आणि दात यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ.

या रेघेबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती बघून घाईने निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. ती रेघ म्हणजे राहिलेली कीड असू शकते, फट असू शकते किंवा नुसता साचलेला बॉण्डही असू शकतो, कारण बरेच बॉण्ड एक्स-रेत काळेच दिसतात आणि बॉक्सच्या कोपऱ्यात तळं झालं की हुबेहूब किडीसारखे दिसतात. पेशंटला काही त्रास नसता आणि कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन दातांची टेकलेली जागा, घट्ट असता तर मी नुसती लक्ष ठेवून राहिले असते. इथे मात्र दाबल्यावर कळ, उघडा कॉन्टॅक्ट आणि रेघ, तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या.

चावताना कळ का येते याचं उत्तर डेंटिनच्या नळ्यांमध्ये आहे. डेंटिन सगळं बारीक नळ्यांनी भरलेलं, नळ्यांमध्ये द्रव, आणि तो द्रव जोरात हलला की नसेला कळतं, ब्रॅनस्ट्रॉम या संशोधकाने 1960 च्या दशकात मांडलेली ही कल्पना आजही सगळ्यात पटते. फिलिंग दाताला नीट चिकटलेलं असेल तर दाब दिला तरी द्रव हलायला जागा नाही. पण तळाशी फट राहिली की ती द्रवाने भरते, वरून चावलं की फिलिंग किंचित दबतं आणि तो द्रव पंपासारखा नळ्यांमध्ये ढकलला जातो. म्हणूनच थंड लागत नाही, रात्री दुखत नाही, पण चावलं की जीव जातो. ही खूण ओळखता आली पाहिजे, कारण अशा किती दाढांची उगाच रूट कॅनल होते हे बघून मला खरंच वाईट वाटतं. पेशंटनेही पहिला प्रश्न तोच विचारला, रूट कॅनल करायला लागणार का? मी म्हटलं, नाही, तुमची नस चांगली आहे, मी भरलेलं काढते आणि परत भरते, पहिल्या वेळी माझ्याकडून तळाशी काम कच्चं राहिलंय असं दिसतंय. ते दोन सेकंद गप्प राहिले, मग म्हणाले, बरं, आजच करा.

भूल दिली, आणि या वेळी उघडायच्या आधीच रबर डॅम. शीट धरणारा क्लॅम्प मागच्या 47 वर, शीट पुढे 43 पर्यंत, दोन दातांच्या मधली रबराची पट्टी फ्लॉसने खाली नेली आणि कडा आत दुमडून घेतल्या. या सगळ्याला चार मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं, कारण पहिल्या दिवशी वेळ वाचवायला म्हणून जे टाळलं होतं ते हेच.

वरचं कंपोझिट काढताना ड्रिलचा बर नेहमीसारखा चिरचिरत होता, कडक, एकजीव. जसजशी खाली गेले तसा आवाज बदलला, आणि तळाच्या थराला प्रोब, म्हणजे तपासायची टोकदार सुई, लावला तर टोकावर मेणासारखा पांढुरका खरवडा आला. क्युअर न झालेलं, म्हणजे लाइटने कडक न झालेलं कंपोझिट! तीन आठवडे तोंडात राहूनही मऊच. त्याच्याखाली आतल्या कोपऱ्यात बॉण्डचं पिवळट तळं साचलेलं, आणि गालाकडच्या बाजूला फिलिंगची कड दातापासून सुटलेली, तिथे ओल चमकत होती. डेंटिन प्रोबला कडक लागलं, कीड राहिली नव्हती, हा एवढा दिलासा.

तिथेच थांबले. असिस्टंटला लाइट आणि त्याची ताकद मोजणारा मीटर आणायला सांगितला. लाइटच्या टोकावर जुन्या कंपोझिटचा तिळाएवढा ठिपका घट्ट बसलेला आणि बाकी काच धुरकट. मीटरवर आकडा आला 520 मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. टोक साफ करून परत लावला तर 980. हे हातातले मीटर अगदी अचूक नसतात, दोन कंपन्यांचे मीटर एकाच लाइटला वेगळे आकडे दाखवतात, पण तोच मीटर, तोच लाइट आणि पाच मिनिटांत जवळजवळ दुप्पट फरक, याचा अर्थ लावायला अचूक मीटर लागत नाही. 2 मिमीच्या थराला साधारण 16 ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ऊर्जा मिळावी असा ढोबळ हिशोब आपण धरतो, म्हणजे 800 मिलिवॅटचा लाइट 20 सेकंद. माझा लाइट टोकापाशीच 520 देत होता, तळापर्यंत अजून सहा-सात मिलिमीटर अंतर, आणि अंतर वाढलं की काही लाइट्सची ताकद अर्ध्याहून खाली येते. त्यात पहिला थर 2 मिमीचा होता असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, बाहेर काढलेला तुकडा बघितला तर जास्तच असावा.

अजून एक गोष्ट मला बघायची होती. जुन्याच पद्धतीचा बँड दाढेभोवती परत लावला आणि लाइट पहिल्या दिवशी धरला असेल तसा धरला. पेशंटचं तोंड अर्धं मिटलेलं असतं, म्हणून टोक सपाट बसत नाही, पुढून मागे तिरकं होतं. नारिंगी शील्डमधून बघितलं तर निळा प्रकाश मागच्या भिंतीवर झकास पडला होता, आणि बँडची उभी कड पुढच्या बॉक्सच्या तळावर बरोबर सावली टाकत होती. इतक्या वर्षांत हजारो वेळा लाइट दाबला असेल, पण तो नक्की कुठे पडतोय हे शील्डमधून टक लावून बघितलं ते त्या दिवशी. बरेच जण लाइट लावला की मान फिरवतात, डोळ्यांना त्रास नको म्हणून, मीही तेच करायचे. शील्ड त्यासाठीच आहे, त्यातून बघत हात स्थिर ठेवायचा. 20 सेकंदांत हात दोन मिलिमीटर सरकला तरी तळाला अंधार.

आता परत भरायचं. गोल बँड काढून ठेवला. तो अ‍ॅमलगमच्या (पाऱ्याच्या चंदेरी फिलिंगच्या) जमान्यातला, आणि अ‍ॅमलगमला तो चालायचा कारण अ‍ॅमलगम दाबून ठासता येतं, ठासताना बँड शेजारच्या दाताकडे ढकलला जातो आणि कॉन्टॅक्ट मिळतो. कंपोझिट कितीही दाबलं तरी बँड ढकलत नाही, वर तो बँड सपाट, त्यामुळे कॉन्टॅक्ट एकतर मिळतच नाही किंवा कडेच्या अगदी वरती एक पुसट रेघ मिळते. युरोपियन युनियनमध्ये तर 1 जानेवारी 2025 पासून अ‍ॅमलगमवर मोजके वैद्यकीय अपवाद सोडून बंदीच आहे, म्हणजे आता पुढच्या पिढीचे हात अ‍ॅमलगमवर तयारच होणार नाहीत, आणि आमच्यासारखे ज्यांचे हात त्याच्यावर तयार झाले त्यांनी सवयी मुद्दाम मोडायला पाहिजेत.

या वेळी सेक्शनल मॅट्रिक्स, म्हणजे फक्त एका बाजूला बसणारी पट्टी घेतली, फुगीर, तळापर्यंत जाईल एवढ्या उंचीचा. वेज असा निवडला की तळाशी पट्टी दाताला चिकटून बसेल पण आत चेपणार नाही, मग रिंग. रिंग दोन्ही दातांना जरासं दूर ढकलते, आणि नंतर काढली की दात परत जवळ येतात, घट्ट कॉन्टॅक्ट त्यातूनच मिळतो. रिंग लावल्यावर मी आतून गुळगुळीत टोकाच्या बारीक बर्निशरने पट्टी 45 ला टेकवली आणि आरशात बघितलं की टेकलेली जागा बरोबर उंचीवर आहे का, वरच्या आणि मधल्या तिसऱ्या भागाच्या सीमेजवळ. मग प्रोबचं टोक तळाच्या कडेवरून हळूच फिरवलं, पट्टी आणि दात यांच्यात कुठे अडकतंय का. गालाकडच्या कोपऱ्यात अडकलं. वेज काढून एक नंबर मोठा घातला, परत फिरवलं, आता सलग.

तळाला एनॅमलची पातळ कड शिल्लक होती, ती हाताच्या ट्रिमरने साफ केली, कारण सैल एनॅमल ठेवलं तर कंपोझिट आकसताना ते एनॅमलच उचकटून घेतं. या फक्त एनॅमलवर एच जेल 20 सेकंद. एनॅमलच्या एचवर माझा डोळे झाकून विश्वास आहे, डेंटिस्ट ब्युओनोकोरने 1955 साली 85 टक्के अ‍ॅसिड 30 सेकंद लावून जे दाखवलं ते सत्तर वर्षं टिकून आहे. डेंटिनचं तसं नाही. डेंटिनवर अ‍ॅसिड 15 सेकंदांच्या पुढे गेलं की कोलॅजनचं जाळं इतकं खोल उघडं पडतं की बॉण्ड तिथवर पोचत नाही, आणि वर आपण हवा मारून वाळवलं की ते जाळं चपटं होऊन बसतं. पहिल्या दिवशी मी जेल सगळीकडे एकदम पसरवलं होतं, सेकंद मोजले नव्हते. या वेळी डेंटिनला अ‍ॅसिड लावलंच नाही, ते काम युनिव्हर्सल बॉण्डमधल्या, स्वतःच हलका एच करणाऱ्या मोनोमरवर सोडलं.

बॉण्ड लावताना नुसता फासायचा नाही, ब्रशने 20 सेकंद घासायचा. आणि मग हवा, जिथे बहुतेक जण चुकतात आणि मी चुकले होते. बॉण्डमधलं सॉल्व्हंट उडून गेलं पाहिजे, तो थर हलायचा थांबला पाहिजे. बॉक्सच्या तळाशी वरून सरळ हवा मारली तर बॉण्ड उडून भिंतींवर जातो आणि परत ओघळून कोपऱ्यात साचतो, डोळ्यांना वाटतं झालं. मी आता आधी लांबून हलकी हवा देते, मग जवळ, आणि कोपऱ्यात कोरड्या मायक्रोब्रशने एकदा टिपून घेते. त्याच्याही आधी, ती हवा कोरडी आहे का हे आरशावर मारून बघायचं. आरशावर बारीक थेंब आले तर तेच थेंब दातात जातायत. हे करायला तीन सेकंद लागतात आणि माझ्या स्वतःच्या सिरिंजमध्ये वर्षातून दोनदा तरी पाणी सापडतंच.

पहिला थर अर्ध्या मिलिमीटरचा फ्लो (पातळ, वाहणारं) कंपोझिट, नुसता तळावर, प्रोबने पसरवून बुडबुडे काढले आणि 40 सेकंद लाइट, टोक शक्य तेवढं जवळ, पेशंटच्या तोंडात बाइट ब्लॉक ठेवून, म्हणजे टोक तिरकं व्हायला नको. मग आधी पुढची भिंत उभी केली, पट्टीला लागून पातळ थरांत. ती भिंत उभी राहिली की दोन भिंतींची गुंतागुंतीची पोकळी साध्या वरच्या खड्ड्यासारखी होते आणि पट्टी-रिंग लगेच काढून टाकता येतात, हात मोकळा होतो. पुढचे थर तिरके, एका वेळी एका कस्पला टेकणारे. कंपोझिट क्युअर होताना आकारमानात साधारण दोन-तीन टक्के आकसतं, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींना एकाच वेळी चिकटलेलं असेल तर तो ताण जिथे बॉण्ड सगळ्यात कमजोर तिथे फाटतो, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे परत तळच. बल्क फिल वापरलं तर 4 मिमीपर्यंत एकदम भरता येतं हे खरं, मीही वापरते, पण त्यालाही लाइट पोचलाच पाहिजे.

पट्टी काढल्यावर गालाकडून आणि जिभेकडून परत 20-20 सेकंद लाइट, मध्ये हवा मारत, म्हणजे दात तापायला नको. वरच्या थराला ग्लिसरीन जेल लावून शेवटचा लाइट, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर चिकट राहतो. रबर डॅम काढल्यावर चावा, आधी जाड कागद मग पातळ, आणि नुसतं टकटक न करता बाजूला घासूनही. मग फ्लॉस. या वेळी तो अडला, जरा जोर दिला तेव्हा टक आवाज करून आत गेला आणि बाहेर ओढताना कुठे फाटला नाही. पेशंटने हा आवाज स्वतः ऐकला, विचारलं हे काय झालं, मी म्हटलं हेच पहिल्या वेळी व्हायला पाहिजे होतं.

लगेच बाइटविंग काढला, कारण जे बिघडलं होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. तळाशी रेघ नाही. पूर्ण बैठकीला 70 मिनिटं लागली, पहिल्या वेळी 35 लागली होती. मागच्या दोन पेशंटना मी फोन करून वेळ पुढे ढकलली होती, हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. या दुसऱ्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

दोन दिवसांनी मी फोन केला. हिरडी क्लॅम्प आणि वेजमुळे दुखत होती, चावताना मात्र काही नाही. महिन्याने मधली हिरडी गुलाबी आणि घट्ट, फ्लॉस घातला तर रक्त नाही. थंड तसंच, दोन-तीन सेकंद. वर्षाने आले तेव्हा गालाकडच्या कडेला फिकट तपकिरी रेघ होती, एनॅमलवर पॉलिश करताना राहिलेल्या पातळ पापुद्र्याखाली डाग धरला होता, डिस्कने पापुद्रा काढला आणि खाली कड बंद होती. बाइटविंग स्वच्छ.

लाइटचं टोक आता रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी उजेडाकडे धरून बघितलं जातं आणि सोमवारी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहिला जातो. हे काम असिस्टंटने स्वतःहून घेतलंय. मागच्या महिन्यात आकडा 980 वरून 760 वर आलेला तिलाच आधी दिसला, टोक साफच होतं, बॅटरी बदलायला झाली होती.